पी. टी. मास्तर आळशी झाला!

“लेझी! हे बघा, लेझी! एल, ए, झेड, वाय! पहिलीतलं पोर वाचेल इतकं स्वच्छ लिहिलंय!”

हे ओरडणं माझं. बेंगळुरात राजाजीनगरातल्या एका दवाखान्यात सकाळी साडेदहाला मी माझीच फाइल हातात घेऊन उभा होतो. आवाज असा लागला होता की बाहेर बसलेल्या एका आजोबांचं बीपी तपासायची गरजच उरली नव्हती, ते नुसतं बघूनच कळत होतं.

माझा आवाज म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तीस वर्षं मी एका शाळेत पी. टी. मास्तर आहे. राव मेष्ट्रु म्हणतात मला. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. मी ‘सावधान’ म्हटलं की मैदानातली चारशे मुलं ताठ होतातच, पण रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभे असलेले लोकसुद्धा हातातल्या पिशव्या खाली ठेवतात. माझ्या ‘थांब’ला एकदा यशवंतपुरात मालगाडी थांबली असं म्हणतात. मी स्वतः पाहिलेली नाही, पण सांगणारा माणूस रेल्वेतला होता.

“काका, प्लीज, आपण बसून बोलूया,” टेबलापलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं तिशीतल्या, पुण्याच्या.

“बसणार नाही! बसलो की लिहाल, पेशंट नुसता बसून असतो! आणि खाली हे काय? ‘वाइफ ऑल्सो सेज लेझी’! सरोजा! तूसुद्धा?”

सरोजा माझी बायको. शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. “अहो, मी...” एवढंच ती बोलली.

“गप्प बस!” मी म्हणालो. परक्या बाईसमोर, सिस्टरसमोर, दार उघडं असताना. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला असं चारचौघांत मी कधी बोललो नव्हतो. घरात बोललो असेन. चारचौघांत नाही.

तिनं पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

आता या ओरडण्यापर्यंत मी कसा पोहोचलो ते लिहितो. तुमच्यापैकी कुणाला रोज रात्री एक बारकी गोळी घ्यायला सांगितली असेल आणि दिवसा आपला कुणीतरी जीव काढून नेतंय असं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. ज्यांना तसं वाटत नाही त्यांनी मास्तरची फजिती म्हणून वाचावं. माझी हरकत नाही. आता कशालाच हरकत नाही.

गोळी

शाळेत शिक्षकांची तपासणी झाली. मी शर्टाची बाही अशा थाटात वर केली, जणू सुई वाकेल की काय. सुई वाकली नाही. रिपोर्ट आला तेव्हा कोलेस्टेरॉलच्या पुढे एवढा मोठा आकडा होता की मला वाटलं, चुकून शाळेचा फोन नंबर छापलाय.

हसू नका. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉफीचा पेला हातात असताना गेले. पेला फुटला नाही, सांडलासुद्धा नाही, ते मात्र गेले. मी पंचावन्नचा. रिपोर्टचा कागद घडी घालून खिशात ठेवला, मधल्या सुट्टीत पोरांना लांब उडी शिकवली, आणि घरी आल्यावर कॉफीचा पेला हातात घ्यायची हिंमत होईना.

आमचे जुने डॉक्टर मुलाकडे मैसूरला राहायला गेले होते. शेजारच्या गल्लीत एक कन्नड डॉक्टर आहेत, चांगले आहेत, सरोजा म्हणाली त्यांच्याकडे जाऊ. पण मला कळलं होतं की मेन रोडवर पुण्याच्या मराठी डॉक्टरीणबाई आल्यात. मग काय! आम्ही तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले लोक. वडील सांगायचे, आपले पूर्वज घोड्यावर बसून आले. मला आपलं वाटतं, घोडा दुसऱ्याचा होता आणि आमचे पूर्वज मागून चालत होते. ते असो. एवढ्या वर्षांत घराबाहेर मराठी बोलायला मिळत नाही हो. भाजीवाल्याशी कन्नड, बँकेत इंग्रजी, नव्या वॉचमनशी हिंदी. “दुखणं आपल्या भाषेत सांगितलं की अर्धं तिथंच उतरतं,” मी सरोजाला ऐकवलं. हे वाक्य माझ्या डोक्यातलं आहे आणि ते किती महागात पडलं ते पुढे येईल.

बाईंनी माझं बोलणं ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “अय्या, किती गोड बोलता हो काका तुम्ही! वेगळीच मराठी आहे तुमची!”

मी दोन इंच फुगलो. ‘काका’सुद्धा माफ केलं.

त्यांनी रिपोर्ट पाहिला, वडिलांचं विचारलं, आणि गंभीर होऊन सांगितलं की गोळी घ्यावीच लागेल, रोज, न चुकता. गोळी गुलाबी, तिच्यापेक्षा साबुदाणा मोठा. मी म्हटलं, ही काय करणार मला?

बारा पावलं

तीन आठवड्यांनी सुरू झालं.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आमच्या घरात बारा पावलं आहेत. मी मोजली, कारण सातव्या पावलावर उभं राहून विचार करावा लागायचा की पुढे जायचं की परत फिरायचं. मांड्यांत कुणी ओलं सिमेंट ओतून ठेवलंय आणि ते हळूहळू सुकतंय, असं वाटे. शर्टाची बटणं लावताना मधे थांबायचो. केस विंचरायला हात वर नेला की हात म्हणे, एवढ्या उंचावर काय काम आहे? बरं, केस आहेत किती! पिण्याच्या पाण्याचा कॅन मी दोन बोटांनी उचलून दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र वाचत आणत असे. (तीन बोटं धरा.) आता तो सरोजा ढकलत ढकलत आत न्यायची आणि मी खुर्चीतून बघायचो.

लोकांना वाटतं थकवा म्हणजे झोप कमी झाली. झोपा दोन तास, होईल ठीक. अरे, मी दहा दहा तास झोपलो! झोपून उठलो की आणखी थकलेला असायचो, जणू रात्रभर मला न सांगता कुणी माझ्याच पायांवर ट्रेकिंगला जाऊन आलंय.

आणि सल्ले! प्रत्येकाकडे सल्ला. गव्हांकुराचा रस घ्या. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, खा. मुद्दा बंद करा. वय झालं हो मेष्ट्रे. व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं मनगटावर बांधायचं घड्याळ आणून दिलं. ते पावलं मोजतं. मी पाच मिनिटं बसलो की ते थरथरायचं आणि त्याच्यावर ‘उठा, हालचाल करा’ अशा अर्थाचं इंग्रजी यायचं. तीस वर्षं चारशे पोरांना मी उठबस करायला लावली, आणि आता एक घड्याळ मला उठबस करायला लावत होतं. मी ते काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिथून थरथरत राहिलं.

छे!

दोन महिन्यांनी परत दवाखान्यात गेलो. एकटाच. नवीन रिपोर्ट झकास होता. आकडा एवढा उतरला होता की बाईंनी फोटो काढून घेतला असता.

“आणि काका, बाकी कसं वाटतंय?”

मी आमच्या घरात जसं बोलतो तसं, सरळ सांगितलं. “डॉक्टर, फार सुस्त होतंय. सकाळी उठलो की सुस्त. पायरी चढलो की सुस्त. मैदानावर तर इतका सुस्त होतो की काय सांगू.”

बाई हसल्या. रागावल्या नाहीत, हसल्या. तेच मला अजून सलतं. “अहो, पी. टी. टीचर ना तुम्ही? असं कसं चालेल? सुस्ती झटकायची! व्यायाम वाढवा थोडा. रोज पाऊण तास जोरात चाला. कुठं दुखतंबिखतं का?”

इथं माझी चूक. स्वच्छ लिहितो. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की मोजे चढवताना डोळ्यांत पाणी येई. पण समोर तिशीतली बाई, मी पी. टी. मास्तर. मी म्हणालो, “छे!”

त्या एका ‘छे’वर माझे पुढचे दीड महिने गेले. डॉक्टरनं दुखतं का विचारलं तर दुखतं म्हणावं. त्यात कसली मर्दुमकी?

तीन मिनिटांत मी बाहेर. सिस्टरनं पुढचा नंबर पुकारला.

बैठक

डॉक्टरांनी व्यायाम वाढवा म्हटलं, आणि सांगितलं कुणाला? मला! मी थोडा वाढवीन होय? दुसऱ्या दिवसापासून पहाटे मैदानाला सहा फेऱ्या, वर पन्नास बैठका. (पस्तीस. सरोजा हे वाचणार आहे.) पाय आतून ओरडत होते. मी त्यांच्यावर ओरडत होतो. पोरांना नाही का ओरडत? ‘चल, आणखी एक! काही होत नाही!’ किती पोरांना मी असं म्हटलं असेल या तीस वर्षांत, आणि त्यातल्या किती जणांना खरंच काहीतरी होत असेल, हे मनात पहिल्यांदा आलं ते तेव्हा. पटकन घालवून दिलं.

मग तो सोमवार. सकाळची परेड. मी समोर उभा राहून मुलांना बैठक कशी मारायची ते दाखवत होतो. एक. दोन. तीन म्हणून खाली गेलो आणि वर आलोच नाही.

तोल गेला नाही, चक्कर आली नाही. फक्त मांड्यांनी नकार दिला. चारशे मुलं खाली बसलेली, मीही खाली बसलेला, आणि ‘वर’ असं म्हणणारं कुणी नाही. मुलं वाट बघत होती. मला वाटतं त्या दिवशी मैदानात जगातली सर्वांत लांब बैठक झाली. एक पोरगं हसलं. मग रांगच्या रांग हसली. माझ्या रांगा सरळ असतात, हसणंसुद्धा सरळ पुढे सरकत गेलं.

मुनियप्पा आला. आमचा मैदानाची देखभाल करणारा, माझ्याच वयाचा. त्यानं काही विचारलं नाही. मागून दोन्ही काखांत हात घालून मला उभं केलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मेष्ट्रे, शिट्टी पडली होती ना? सापडली?” शिट्टी माझ्या गळ्यात होती. दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या कडेच्या रेन ट्रीखाली एक खुर्ची दिसू लागली. कुणी ठेवली ते त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण हेडमिसनी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. बोलावून घेतलं. फार गोड बोलल्या. “राव मेष्ट्रे, आता स्वल्प विश्रांती घ्या. स्पोर्ट्स डे होईपर्यंत लायब्ररी सांभाळा. तुमची शिट्टी ऑफिसात ठेवा.” मी म्हणालो, मला बरं नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरची चिठ्ठी आणा, काय झालंय त्याची. आणि मग जरा थांबून, “स्टाफरूममध्ये लोक बोलतात हो. म्हणतात, रिटायरमेंट जवळ आली की असंच होतं.”

लायब्ररीत मी अकरा दिवस बसलो. तिथं बोलायचं नसतं. मला! भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेलं, आणि खिडकीबाहेर माझ्या मैदानावर गणिताच्या मिस माझ्या मुलांना वाकड्या रांगेत उभं करत होत्या. रांग अशी वाकडी की शेवटचा मुलगा दुसऱ्या वॉर्डात. काचेवर हात आपटावासा वाटायचा. हात उचलत नव्हता.

मला चिठ्ठी हवी होती. फक्त तेवढीच. काय झालंय ते लिहिलेला एक कागद. नाहीतर मी जन्मभरासाठी कामचुकार मास्तर ठरणार होतो, आणि तेही तीस वर्षं दुसऱ्यांना कामचुकार म्हटल्यानंतर.

क्रोटनची कुंडी

मग मी ती मूर्खपणाची गोष्ट केली, जी तुम्ही करू नये. गोळी तोंडात ठेवायची, पाणी प्यायचं, आणि बाल्कनीत जाऊन गोळी क्रोटनच्या कुंडीत पुरायची. कुणाला विचारलं नाही. नऊ दिवस. सातव्या दिवशी न्हाणीघर जवळ आलं. नवव्या दिवशी मी बारा पावलं न थांबता चाललो आणि आरशासमोर उभा राहून स्वतःला ‘विश्राम’ म्हणालो.

पण त्याच दुपारी छातीत काहीतरी सरकलं. गॅस होता, नंतर कळलं. तेव्हा मला वडिलांचा पेला दिसला. घाम फुटला. पायांसाठी गोळी सोडली तर छाती जाणार, छातीसाठी घेतली तर पाय जाणार. माझ्या शरीरानं दोन गट पाडून माझ्यापुढेच निवडणूक लावली होती.

सरोजा कुंडीची माती खुरपत होती तेव्हा तिला त्या सापडल्या. गुलाबी, अर्धवट विरघळलेल्या. हातावर घेऊन माझ्यापुढे धरल्या.

“क्रोटनला कोलेस्टेरॉल आहे का?”

मी सगळं सांगितलं. गोळी बंद केली तर बरं वाटतं, हेही. ती चिडली नाही. आतल्या खोलीत जाऊन दवाखान्यात फोन केला, दार लोटून घेतलं. बाहेर आली आणि म्हणाली, “शुक्रवारी बोलावलंय. मीपण येणार. तोवर घ्यायला सांगितलीय.” मी घेतली. तीन दिवसांत सिमेंट परत आलं.

तो शुक्रवार. सिस्टरनं आमची फाइल टेबलावर आणून ठेवली, बाई हात धुवायला आत गेल्या, आणि मी फाइल उघडली. आयुष्यात मी दुसऱ्याचं प्रगतिपुस्तक उघडून पाहिलं नाही, पण हे तर माझंच होतं. मागच्या भेटीखाली लिहिलेलं: ‘लेझी’. त्याखाली फोनची नोंद: ‘वाइफ ऑल्सो सेज लेझी. गोळ्या नीट घेत नाही.’

म्हणजे मी जो कागद मागायला आलो होतो, तो तयारच होता. हाच घेऊन जा हेडमिसकडे!

पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

सिस्टर

“अहो काका, मी मनानं नाही लिहिलं!” आता बाईंचाही आवाज चढला. “तुम्हीच सांगितलंत! मागच्या वेळी चार वेळा म्हणालात, सुस्त होतो, सुस्त होतो! काकू फोनवर म्हणाल्या, गोळी घेतली की फार सुस्त होतात! मी तेच लिहिलंय!”

“मग? सुस्त होतो म्हटलं तर लेझी लिहायचं?”

“मग काय लिहायचं?”

दोघंही मराठी. दोघंही बरोबर.

दारात बीपीचं यंत्र घेऊन सिस्टर उभी होती. भाग्या तिचं नाव, तुमकूरची, मराठीचा एक शब्द येत नाही. एवढा वेळ आमच्या भांडणातला तिला फक्त एकच शब्द कळत होता, आणि तो दर वाक्यात येत होता. ती चाचरत म्हणाली, “मॅडम... सुस्तु अंद्रे लेझी अल्ला. टायर्ड. तुंबा टायर्ड.”

सुस्त म्हणजे लेझी नाही. थकवा. फार थकवा.

‘बसणार नाही’ म्हणणारा मी खाली बसलो.

आमची मराठी साडेतीनशे वर्षं कन्नडच्या शेजारी राहते. शेजाऱ्यांकडून वाट्या-पातेली आणावीत तसे शब्द आणलेत आणि परत दिलेले नाहीत. आता कुठली वाटी आपली, कुठली त्यांची, कुणाला आठवतं? आमच्या घरात सुस्त होणं म्हणजे गळून जाणं. माझी आई बाळंतपणानंतर सुस्त झाली होती. वडील जायच्या आधी महिनाभर सुस्त व्हायचे. पुण्यात सुस्त म्हणजे लोळत पडलेला ऐदी, हे मला पंचावन्नाव्या वर्षी तुमकूरच्या मुलीकडून समजलं. शेजारच्या गल्लीतल्या कन्नड डॉक्टरांना मी हेच बोललो असतो तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं! मीच आपली भाषा, आपली माणसं करत मिरवत इथं आलो होतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, चुकलं माझं,” म्हणाल्या. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि पहिल्यांदा खरे प्रश्न विचारले. हात डोक्यावर नेताना जड वाटतो का? खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो का? दोन्ही पाय सारखेच दुखतात का? लघवीचा रंग गडद झाला होता का? वीस मिनिटं. मी एकदाही ‘छे’ म्हटलं नाही.

राग गेला? नाही गेला. शब्द चुकला हे मान्य. पण न कळलेला शब्द गोड वाटला म्हणून सोडून द्यायचा? ‘सुस्त म्हणजे नक्की काय होतं?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो? ‘किती गोड मराठी’ म्हणायला जेवढा लागला तेवढाच! आणि समजा मी आळशीच झालो असतो. तीस वर्षं मैदानावर घालवलेला माणूस दोन महिन्यांत अचानक आळशी होतो, याचंही कारण शोधायला नको? हे मी बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. राग ठेवायला जागाच ठेवली नाही त्यांनी, म्हणून तो अजून माझ्याकडेच आहे. थोडा इथं उतरवतोय.

थोडक्यात

रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात जे वाढतं ते माझ्यात वाढलं होतं. थायरॉइड वगैरेही बघितलं, ते ठीक निघालं. गोळी बंद झाली, पण या वेळी बाईंच्या सांगण्यावरून, क्रोटनच्या नाही. व्यायामही बंद. महिनाभरात पाय परत आले, पूर्ण यायला आणखी वेळ लागला. मग दुसरी गोळी, कमी ताकदीची, एक दिवसाआड. ती चाललीय. आकडा पहिल्याइतका देखणा नाही, पण बाई म्हणतात चालेल. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. माझा मेहुणा तीच गुलाबी गोळी सात वर्षं खातोय आणि लग्नात अजून नाचतो, दुर्दैवानं. म्हणून हे वाचून गोळी टाकू नका. डॉक्टरकडे जा आणि सांगा, पण शब्दावर सोडू नका. खुर्चीतून उठून दाखवा. दोन पायऱ्या चढून दाखवा. मी बैठक मारून दाखवली असती तर पहिल्याच दिवशी निकाल लागला असता.

हेडमिसना चिठ्ठी दिली. आधी भाषणही तयार केलं होतं, स्टाफरूमसकट सगळ्यांची नावं घेऊन. त्यांनी चिठ्ठी वाचली, कपाट उघडून शिट्टी काढली, टेबलावर ठेवली. भाषण राहिलं ते राहिलंच. मुनियप्पाची खुर्ची अजून झाडाखाली आहे. मी बसतो कधी कधी. आणि एखादं पोरगं म्हणालं, मेष्ट्रे, सुस्त झालंय, की त्याला तिथं बसवतो.

रिक्षा

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं.

दवाखान्यातून निघालो, रिक्षा केली. सिग्नलला अडकलो. बेंगळुरात सिग्नलला अडकलेला माणूस आयुष्यातले सगळे हिशोब तिथंच मिटवू शकतो, एवढा वेळ असतो. सरोजा बाहेर बघत होती. पर्स तशीच मांडीवर.

मी सुरुवात केली. मी गप्प बस म्हणायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच. जग मला आळशी म्हणालं याचं मला काही नाही (होतं), पण तूसुद्धा म्हणालीस असं वाटलं तेव्हा डोकं फिरलं. लाल दिवा हिरवा झाला, परत लाल झाला, आम्ही तिथंच, मी बोलतोच आहे. रिक्षावाल्यानं आरसा वळवून माझ्याकडे बघितलं. शेवटी बोलणं संपलं तेव्हा एकच प्रश्न उरला, जो मी तीन महिने कुणालाच विचारला नव्हता, कारण उत्तराची भीती होती.

“सगळे म्हणत होते मास्तर सोंग करतोय. तुला कधीच तसं वाटलं नाही?”

तिनं माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

“तुम्ही म्हणालात ना, सुस्त होतंय म्हणून.”